इन्क्रिमेंटल ऑप्टिकल एन्कोडरला ए आणि बी असे दोन चॅनेल का लागतात?

इन्क्रिमेंटल ऑप्टिकल एन्कोडर म्हणजे शाफ्टसोबत फिरणाऱ्या, रेषा आखलेल्या चकतीतून येणाऱ्या प्रकाशावरून शाफ्टचे फिरणे पल्समध्ये मोजणारे उपकरण. त्यात फिरण्याची दिशा ओळखण्यासाठी दोन चॅनेल, म्हणजे दोन सिग्नल, लागतात. एकाच चॅनेलच्या पल्सवरून शाफ्ट किती फिरला ते कळते, कोणत्या बाजूला फिरला ते कळत नाही. चकतीवरील रेषांमधून येणारा प्रकाश टिपणारे दोन सेन्सर रेषांतराच्या पाव भागाने सरकवून बसवलेले असतात, त्यामुळे त्यांच्या सिग्नलमध्ये ९० अंशांचा फेज-फरक (पाव आवर्तनाचा फरक) राहतो आणि ए चढताना बी वर आहे की खाली, एवढे पाहून काउंटर मोजणी वाढवतो किंवा घटवतो. कंपनामुळे शाफ्ट एकाच कडेवर (सिग्नल चढतो किंवा उतरतो त्या जागी) मागेपुढे थरथरत असेल, तेव्हा तर हे फारच मोलाचे ठरते, कारण एकटा चॅनेल प्रत्येक थरथर पुढची हालचाल म्हणून मोजत राहिला असता. शिवाय दोन्ही सिग्नलच्या सर्व कडा मोजल्यास ५००० रेषांच्या चकतीतून एका फेरीत २०,००० पायऱ्या, म्हणजे प्रत्येकी ०.०१८ अंश, मिळतात. मात्र हे रिझोल्यूशन (मोजता येणारी सर्वांत लहान पायरी) झाले, अचूकता नव्हे: २० मिमी त्रिज्येवर रेषा असलेली चकती केंद्रापासून १० मायक्रॉन जरी सरकून बसली, तरी जवळपास ०.०३ अंशांपर्यंत चूक येते आणि पायऱ्या वाढवून ती कमी होत नाही.