रागावून परत गेलेल्या रुग्णाशी कसे बोलावे?

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातील एका आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तिसरा महिना चालू असलेल्या एका मुलीने, मळमळ थांबावी म्हणून आपण रोज रात्री गांजा ओढतो, असे मला सांगितले आणि सासूबाईंना कळवू नका, अशी विनवणी केली. मी तिला रागावले. ती पुढच्या तपासणीला आलीच नाही. आता काय करावे?

उत्तर : जी गोष्ट तिने घरच्यांपासून लपवली, ती आपल्याला सांगितली, हे आधी लक्षात घ्यावे. घरी गेलात तर सासूबाईंसमोर 'तपासणी राहिली आहे' एवढेच बोलावे आणि एकांत मिळताच 'त्या दिवशी मी रागावले, ते चुकले' असे स्वतःहून म्हणावे.

मग तिला बोलू द्यावे. गांजाने नेमके काय बरे वाटते, हे विचारल्याशिवाय तो सोडायला सांगण्यात अर्थ नाही. खरे कारण मळमळच असेल, तर डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन यांची गोळी डॉक्टर देऊ शकतात, आणि थोडी थोडी पेज घेतल्यानेही पुष्कळजणींना आराम पडतो. मात्र दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांना त्यानेच वांत्या होऊ शकतात. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर बरे वाटते का, हे अवश्य विचारावे; ती अशा वांत्यांची खूण असू शकते. झोप लागत नसेल किंवा घरात कुणाचा धाक असेल, तर उपाय वेगळा, आणि हे कारण मला मळमळीपेक्षा गंभीर वाटते.

'याबद्दल थोडे सांगू का?' असे विचारून मगच माहिती द्यावी. गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक वारेतून बाळापर्यंत पोहोचतो, पुढे अंगावरच्या दुधातही उतरतो. कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ होण्याशी गांजाच्या सेवनाचा संबंध आढळला आहे. भांगेतही तोच घटक असतो, त्यामुळे तीही निर्धोक नाही. मात्र 'बाळ अपंग होईल' असे कदापि म्हणू नये. ते खरे नसल्याने तिचा उरलेला विश्वासही जाईल. पूर्ण बंद करणे उत्तम, पण निम्मे कमी झाले तरी तिचे मनापासून कौतुक करावे. सोडल्यावर काही दिवस झोप उडते, चिडचिड होते, याची कल्पना आधीच द्यावी.

तिला पोलिसांचीही भीती असणार. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हा गुन्हा आहे, परंतु स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनावर उपचार घेणाऱ्याला कलम ६४अ संरक्षण देते. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायला ती कचरत असेल, तर १४४१६ या 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर आपल्या समोर बसूनच तिला बोलू द्यावे, आणि पुढच्या तपासणीचा दिवस तिलाच ठरवू द्यावा.