लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या वडिलांना कोविड झालाय, टॅक्रोलिमस थांबवायचं का?

नाही, स्वतःहून एकही डोस बंद करू नका. आजच ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. टॅक्रोलिमस प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं; ते थांबवलं तर शरीर नवं यकृत नाकारू शकतं. शिवाय २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोविड झालेल्या लिव्हर ट्रान्सप्लांट रुग्णांच्या युरोपीय नोंदणीच्या अभ्यासात टॅक्रोलिमस घेणाऱ्यांचं वाचण्याचं प्रमाण उलट चांगलं दिसलं. गंभीर आजाराशी संबंध आढळला तो मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाचा (त्याच वर्षीचा स्पेनमधला अभ्यास), विशेषतः दिवसाला १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोस असताना. म्हणून आजार बळावला तर डॉक्टर बहुधा तेच आधी कमी करतात. अर्थात हे अभ्यास लशी सर्वत्र पोहोचण्याआधीच्या रुग्णांवरचे आहेत, त्यामुळे वडिलांच्या बाबतीतला निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

सगळ्यात जास्त जपा ते पॅक्सलोव्हिड या कोविडवरच्या गोळ्यांपासून. त्यातलं रिटोनाविर टॅक्रोलिमसचं विघटन करणारं एन्झाइम अडवतं, रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते आणि किडनीला इजा होऊ शकते. फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलं तरी ट्रान्सप्लांट टीमला विचारल्याशिवाय पहिली गोळीही देऊ नका. त्याऐवजी अनेकदा रेमडेसिव्हिर देतात: लक्षणं सुरू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत, सलग ३ दिवस शिरेतून. म्हणूनच 'दोन दिवस वाट बघू' असं करू नका.

तापाला पॅरासिटामॉल चालतं, पण किती ते टीमला विचारून. आयब्युप्रोफेन नको, टॅक्रोलिमससोबत किडनीवर दुहेरी ताण येतो. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा धाप लागली, तर थेट हॉस्पिटल गाठा.