सेन्सर नवा, दिवा तोच

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे २०१५ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. दिवाळीपासून मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, कोड आला पी०१३५. म्हणे ऑक्सिजन सेन्सर गेला. ३,८०० रुपयांचा नवा टाकला. दोन दिवस दिवा गायब, तिसऱ्या दिवशी परत हजर! आता स्कॅनरवर पी०१३५ आणि पी०१४१ असे दोन कोड आहेत आणि तो म्हणते, दुसराही सेन्सर बदला. गाडी चालते बरोबर, ॲव्हरेज तेवढं कमी झालं. कापूस अजून घरातच आहे, विकला नाही. काय करू?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : थांबा भाऊ, दुसरा सेन्सर घेऊ नका. निदान आठ दिवस तरी.

पी०१३५ म्हणजे 'सेन्सर गेला' असं नाही. सायलेन्सरच्या लायनीत जाळीच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी जो सेन्सर असतो, त्याच्या हीटरच्या सर्किटमध्ये काहीतरी गडबड आहे, एवढंच कॉम्प्युटर सांगतो. पी०१४१ हीच तक्रार जाळीच्या नंतरच्या सेन्सरबद्दल. हा सेन्सर साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. हीटर बंद असला तर इंजिन थंड असताना गाडी जास्त वेळ अंदाजानं पेट्रोल सोडते. तुमचं ॲव्हरेज तिथंच गेलं असावं.

आता सांगा, दोन सेन्सर, त्यातला एक कोरा करकरीत, आणि दोन्हींचे हीटर सोबतच मेले? एका घरातले दोन बल्ब एकाच रात्री विझले तर आपण बल्ब आणायला धावतो की आधी फ्यूज पाहतो? बऱ्याच गाड्यांत दोन्ही हीटरना करंट एकाच फ्यूजमधून येतो.

म्हणून आधी बॉनेटखालचा फ्यूजबॉक्स उघडा. हीटरचा फ्यूज कोणता, ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असते. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. आपल्याकडे फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची खोड आहे. ती इथं केली तर वायरिंग जळेल. नवा फ्यूजही उडाला तर समजा, बहुधा वायर कुठंतरी उघडी पडून बॉडीला लागते.

आणि फ्यूज धड निघाला तर सेन्सरचं सॉकेट सोडा. सेन्सरकडच्या एकाच रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या. इंजिन चालू ठेवून त्यांच्या समोरच्या, गाडीकडच्या सॉकेटातल्या दोन पिनांपैकी एकीवर टेस्ट लॅम्प पेटला पाहिजे, लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला. सायलेन्सर तापलेला असते, हात जपून. दोन्ही सॉकेटांवर लॅम्प पेटला नाही तर सेन्सर बहुधा निर्दोष आहेत, वायर शोधा.

मी तर आधी उंदीर शोधतो. मागल्या साली आर्णीकडची एक गाडी आली होती, तीही कापूस साठवलेल्या कोठ्यालगत उभी राहायची. बॅटरीच्या मागं सरकी, रुई आणि तुरीच्या शेंगांची टरफलं यांचं घरटं, एवढं मऊ की मलाच झोपावंसं वाटलं. घरट्याच्या बुडाशी हीटरची वायर चार बोटं सोललेली. काम साठ रुपयांच्या टेपचं आणि फ्यूजचं, पण मालकानं त्याआधी दोन सेन्सर घेतले होते. तुमचाही कापूस घरात आहे म्हणता, म्हणून आठवलं. डांबरगोळ्या टाकून पाहिल्या मी, उंदीर त्यांच्या बाजूलाच घरटं बांधते. बॉनेट रोज उघडून पाहणं बरं.

दिवा पिवळा आणि स्थिर आहे तोवर गाडी चालवायला हरकत नाही. लुकलुकायला लागला तर मात्र मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) समजून जागेवर थांबा.

एक राहिलं. गॅरेजवाल्याकडून काढलेला जुना सेन्सर मागून आणा. मल्टिमीटरवर त्याच्या हीटरच्या दोन वायरींत काही ओहम दिसले तर हीटर जिवंत आहे, तो डिक्कीत ठेवा. काहीच दिसलं नाही तर तो खरंच गेला होता, आणि त्या गॅरेजवाल्याला मी उगाच बोल लावला.