बाटलीवाला, रेडीमनी, पेटिट: पारशी आडनावं अशी का असतात?

मुळात पारशांना आडनाव नव्हतंच. स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं, झालं काम. इंग्रजी अमदानीतल्या मुंबईत कचेऱ्या आणि व्यापाराच्या कागदांवर कायमचं आडनाव लागायला लागलं, तेव्हा धंदा, गाव किंवा टोपणनाव, जे हाताशी होतं ते चिकटलं.

जे. जे. हॉस्पिटलवाले जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९) तरुणपणी सासऱ्यांबरोबर रिकाम्या बाटल्यांचा व्यवहार करायचे, म्हणून ‘बाटलीवाला’. खरी माया मात्र चीनला कापूस आणि अफू पाठवून जमली. हा भाग लोक सोयीस्कर विसरतात. १८५७ मध्ये बॅरोनेट (पिढ्यान्‌पिढ्या चालणारा ब्रिटिश किताब) झाले, आणि पुढे गंमत अशी की किताब ज्याच्याकडे जाईल त्याने आपलं नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचं असा कायदाच झाला!

रेडीमनी हे नवसारीहून आलेलं सावकारी घराणं, रोकडा कायम तयार. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह त्यांच्यापैकी कावसजी जहांगीर यांच्या देणगीतला. पेटिट घराण्याचा पूर्वज बुटका होता, म्हणून फ्रेंच व्यापाऱ्यांनी तसं नाव (फ्रेंचमध्ये ‘पेटिट’ म्हणजे लहान) पाडलं असं सांगतात.

‘सोडाबॉटलओपनरवाला’ मात्र बहुधा थट्टाच. मला तरी तो कधी भेटला नाही.