आमचा कुत्रा गाडीत चढत नाही, चढवला तर उतरत नाही. काय करावं?

पट्टा ओढू नका. इंजिन बंद असलेल्या, उभ्या गाडीत त्याला स्वतःहून चढू द्या. ओढलं की कुत्रा चारही पाय रोवतो आणि गाडीचीच धास्ती घेतो. आमच्या दोन गावठी कुत्र्यांना असंच शिकवलं, आठ-दहा दिवस लागले. मागचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवा, कोंडल्यासारखं वाटत नाही. भाकरीचा तुकडा आधी दाराच्या कडेवर, मग सीटवर, मग पलीकडच्या टोकाला. खाऊन उतरला तर उतरू द्या. इंजिन सुरू करणं नंतर, गल्लीतली चक्कर त्याहून नंतर. उतरताना बहुतेकदा उंचीची भीती असते. फळीचा उतार करा, पण तिला गोणपाट गुंडाळा. नुसत्या फळीवर नखं घसरतात आणि एकदा घसरला की पठ्ठ्या पुन्हा पाय ठेवत नाही. उचलायचाच तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली. आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी लवकर उरका, दुपारी सीट पोळते. मात्र एरवी टुणकन चढणारा कुत्रा अचानक नाही म्हणत असेल तर सराव थांबवा. सांधे किंवा कंबर दुखत असू शकते. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. परभणी किंवा उदगीर जवळ असेल तर तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.