'रेणूची रचना' की 'रेणूंची रचना'? एका अनुस्वाराचा प्रश्न

प्रश्न असा होता: सेंद्रिय अर्धवाहकांवरच्या (म्हणजे कार्बनच्या संयुगांपासून बनलेल्या सेमीकंडक्टरांवरच्या) इंग्रजी लेखाचं मराठी करताना एकाने शीर्षकात 'रेणूच्या रचनेचा कामगिरीवर परिणाम' लिहिलं, तपासणाऱ्याने अनुस्वार देऊन 'रेणूंच्या' केलं, तर बरोबर कोण? आणि 'सेंद्रिय' म्हटलं की लोकांना शेणखत आठवतं, त्याचं काय करायचं?

आधी अनुस्वाराचं बघू, कारण तो नुसता शुद्धलेखनाचा मुद्दा नाहीये. दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. रेणूची रचना म्हणजे एका रेणूच्या आत कुठला अणू कुणाला जोडलाय ते, आणि रेणूंची रचना म्हणजे असे असंख्य रेणू घन पदार्थात एकमेकांशेजारी कसे बसलेत ते. इंग्रजीतलं 'मॉलिक्युलर' हे विशेषण आहे, ते एक की अनेक हे सांगतच नाही. आपल्याकडे 'रेणुरचना' असा समास केला तरी तेच होतं, विग्रह दोन्ही तऱ्हांनी करता येतो. पण षष्ठी लावली की मराठी तुम्हाला ठरवायलाच लावते, आणि मला हे फार मोलाचं वाटतं, कारण या विषयात सगळी गंमत त्या दोन रचनांमधल्या नात्यातच आहे.

पेंटासीनचं उदाहरण घ्या. बेंझिनची, म्हणजे सहा कार्बन अणूंच्या वलयाची, पाच कडी एका ओळीत चिकटवली की पेंटासीन. (डांबराच्या गोळ्यांमधलं नॅप्थलीन म्हणजे अशीच दोन कडी.) या कड्यांमधले काही इलेक्ट्रॉन एका बंधाला बांधलेले नसतात, सगळ्या रेणूभर पसरलेले असतात, आणि कडी वाढवाल तसा इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर जायला लागणारा ऊर्जेचा टप्पा लहान होतो. हे डोळ्यांना दिसतं: नॅप्थलीन पांढरं, चार कड्यांचं टेट्रासीन नारिंगी, पाचाचं पेंटासीन गडद निळं. इथवर सगळं रेणूचं, अनुस्वाराशिवायचं.

पण वीज वाहायची तर विद्युतप्रभाराला एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते, आणि तिथे अनुस्वार येतो. पेंटासीनचे सपाट रेणू स्फटिकात तोंडाला तोंड लावून बसत नाहीत, एकाची कड दुसऱ्याच्या सपाट अंगाकडे अशी तिरकी, माशाच्या काट्यासारखी मांडणी होते. आता मधल्या कड्याला दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेले झुपकेदार गट जोडले, तर रेणू तसे बसूच शकत नाहीत, मग ते विटांच्या भिंतीसारखे बसतात, खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट, आणि सपाट अंगं एकमेकांपासून साधारण 3.4 अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) येतात. त्या रेणूला टिप्स-पेंटासीन म्हणतात, अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात जॉन अँथनी यांच्या गटाने तो केला. शिवाय मूळ पेंटासीन धड विरघळत नाही, हा विरघळतो, म्हणजे शाईसारखा पसरवता येतो. बदल केला रेणूत, परिणाम झाला रेणूंत!

म्हणून माझी सूचना, 'रचना' हा एकच शब्द दोन्हीकडे नको. रेणूची बांधणी आणि रेणूंची मांडणी म्हणा, म्हणजे अनुस्वार छपाईत गळला तरी अर्थ शाबूत राहतो, आणि घाईत बोलताना तर तो अनुस्वार कानाला कळतही नाही. आणि इंग्रजीत ज्याला स्टॅकिंग म्हणतात त्याला आपल्याकडे आयता शब्द आहे, चळत. पोळ्यांची चळत, नाण्यांची चळत, तशीच सपाट रेणूंची चळत. 'स्तरीकरण' वगैरे कशाला करायचं?

'कामगिरी'बद्दलही सांगायला हवं. ती कशाची ते लिहा. ट्रान्झिस्टरमध्ये कामगिरी म्हणजे मुख्यतः चलनशीलता, प्रभार किती सहज सरकतो ते. पेंटासीनच्या पातळ थरात ती 1 च्या आसपास, रुब्रीन या दुसऱ्या कार्बनी अर्धवाहकाच्या एकसंध स्फटिकात 10 ते 20, सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची साधारण 1400 (सेंटिमीटर वर्ग प्रति व्होल्ट-सेकंद). पण ओएलईडीत, म्हणजे अशाच पदार्थांच्या प्रकाश देणाऱ्या दिव्यांत, हवा असतो प्रकाश, आणि तिथे घट्ट चळत बहुतेक वेळा नुकसानच करते, प्रकाश विझतो. 1987 मध्ये कोडकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी जो दिवा दाखवला त्यातला प्रकाश देणारा थर अस्फटिकी, म्हणजे रेणूंची नियमित मांडणी नसलेला होता. म्हणजे एकाची उत्तम मांडणी ती दुसऱ्याची वाईट.

राहता राहिलं 'सेंद्रिय'. स + इंद्रिय, ऑर्गन म्हणजे इंद्रिय, त्यावरून ऑर्गॅनिक ते सेंद्रिय, सरळ बेतलेला शब्द. हे पदार्थ सजीवांतूनच येतात अशी समजूत होती तेव्हाचं हे नाव, 1828 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया केला आणि त्या समजुतीला तडा गेला, नाव मात्र राहिलं. दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' आहे, तेव्हा 'कार्बनी अर्धवाहक' मुलांनाही कळेल आणि शेणखतही आठवणार नाही. मी तेच वापरेन, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजेच सेंद्रिय' एवढं जोडून.

तर शीर्षक असं करून बघा: 'कार्बनी अर्धवाहक: रेणूची बांधणी, रेणूंची मांडणी आणि चलनशीलता'. आणि तपासणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की पहिल्या 'रेणूची'वर अनुस्वार मुद्दामच दिलेला नाही, नाहीतर दोन्ही सारखे करून टाकतील.