नफा चारशे, गल्ला रिकामा

उन्हाळी सुट्टी जवळ आली की पदवीच्या वर्गातली मुलं एकच काळजी घेऊन माझ्याकडे येतात. शब्द वेगळे असतात, मथितार्थ हाच: "माझा विषय बिझनेसचा नाही. दोन-तीन आठवड्यांचा समर बिझनेस प्रोग्राम केला नाही तर मी मागे पडेन का? आणि केला, तर एवढी फी भरून हाती काय लागेल?" एका मुलीच्या अनुभवातून याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. लिहायला तिने परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडिलांबरोबर आली. बसण्याआधीच तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातल्या एका नामांकित विद्यापीठाच्या आवारात होणाऱ्या दोन आठवड्यांच्या प्रोग्रामसाठी तिची निवड झाल्याची ईमेल होती. अभिनंदन, आणि खाली ठळक अक्षरांत: जागा पक्की करण्यासाठी सात दिवसांत पूर्ण फी भरा.

"मॅडम, चार दिवस गेले. तीनच उरलेत."

वडील म्हणाले, "फीचं मी बघतो. कर्ज काढावं लागलं तरी काढीन. यानं तिचं भलं होईल ना, एवढंच तुम्ही सांगा."

या प्रश्नाला तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणणं मला जमत नाही, आणि जमू नये असंही मला वाटतं. वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली आणि तिला विचारलं, "बिझनेस शिकावं असं पहिल्यांदा कधी वाटलं?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "सगळ्यांचं काहीतरी ठरलंय, मॅडम. कुणाला इंटर्नशिप मिळाली, कुणी कोर्सला चाललंय. मी रोज लॅबमध्ये टायट्रेशन करते आणि वाटतं, आपण लाइनच चुकीची घेतली." आणि खालच्या आवाजात, "तिकडे सगळे कॉमर्सवाले असतील. सरांनी मला उभं करून काही विचारलं तर?"

इथे मी थांबते, कारण ही गाठ मला फार मुलांमध्ये दिसते. दोन भीत्या एकाच वेळी, उलट दिशांना ओढणाऱ्या. गेलो नाही तर मागे पडू, गेलो तर उघडे पडू. अशा मनाला 'सात दिवसांत फी भरा' हे वाक्य सुटकेसारखं वाटतं, कारण मग विचार करावा लागत नाही, फक्त पैसे भरायचे असतात. म्हणून मी तारीख बाजूला ठेवायला सांगितलं आणि दोन्ही भीत्या वेगवेगळ्या हातात घेतल्या.

कॉमर्सवाल्यांच्या भीतीला माहितीचंच उत्तर होतं. यातले बरेच जुने आणि चांगले प्रोग्राम मुळात बिझनेस न शिकलेल्या मुलांसाठीच उभे राहिले. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या टक या बिझनेस स्कूलचा 'बिझनेस ब्रिज' १९९७ साली सुरू झाला तोच मुळी कला, विज्ञान, अभियांत्रिकीच्या मुलांना नोकरीच्या जगाशी जोडण्यासाठी. साधारण तीन आठवड्यांत हिशेब, वित्त, मार्केटिंग वगैरे विषय आणि शेवटी गटाने मिळून एका खऱ्या कंपनीचं मूल्यांकन, म्हणजे ती कंपनी किती किमतीची आहे ते काढणं. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या हास स्कूलचा सहा आठवड्यांचा 'बेस' प्रोग्रामही बिझनेस न शिकणाऱ्या मुलांसाठीच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची समर स्कूल १९८९ पासून चालते, तिची घडण वेगळी: तीन आठवड्यांत एकच विषय सखोल, परीक्षा आणि ग्रेडसह. आणि घर न सोडता पाया घालायचा तर हार्वर्ड बिझनेस स्कूलचा 'कोर' हा ऑनलाइन कोर्स २०१४ पासून आहे. त्यात विश्लेषण, अर्थशास्त्र आणि वित्तीय हिशेब हे तीन विषय येतात.

ती ऐकत होती, पण चेहरा मोकळा होत नव्हता. माहितीने भीती जाते असं नाही. ती बहुधा काहीतरी करून बघितल्यावर जाते. म्हणून मी कागद-पेन पुढे केलं.

"एक वह्यांचं दुकान आहे असं समज. खिशातले एक हजार घालून सुरू केलं. शंभर वह्या दहाच्या भावाने रोख घेतल्या. महिनाभरात ऐंशी वह्या पंधराच्या भावाने विकल्या, पण सगळ्या उधारीवर. एक पैसा हातात आला नाही. बाकी खर्च काही नाही असं धर. महिन्याअखेर नफा किती आणि गल्ल्यात किती?"

तिने भराभर लिहिलं. विक्री बाराशे. विकलेल्या वह्यांची किंमत आठशे. नफा चारशे. मग गल्ल्याशी येऊन पेन अडलं. हजार होते, ते वह्यांत गेले. आलं काहीच नाही. "शून्य?" तिने वर पाहिलं. "पण नफा तर चारशे आहे!"

"आहे ना. मग ते चारशे कुठे आहेत, शोध."

पाच-सहा मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. कागदाच्या एका बाजूला तिने लिहिलं: लोकांकडून येणं बाराशे, उरलेल्या वीस वह्या दोनशे. दुसऱ्या बाजूला: घातलेले हजार, झालेला नफा चारशे. दोन्हीकडे चौदाशे. बेरजेखाली तिने दोन रेघा मारल्या आणि एकदम हसली. "मॅडम, हे तर रासायनिक समीकरण संतुलित करण्यासारखं आहे. इकडचा अणू तिकडे हिशेबात आलाच पाहिजे."

तिने नुकताच ताळेबंद मांडला होता, आणि तो शब्द मी तोवर उच्चारलाही नव्हता. प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहिण्याच्या या दुहेरी नोंदीच्या पद्धतीचं पहिलं छापील विवेचन लुका पाचोली नावाच्या गणितज्ञ धर्मगुरूने १४९४ साली केलं, हे सांगितल्यावर तिला फार गंमत वाटली. आपल्यासारखाच हिशेबाच्या बाहेरून आलेला माणूस, असं काहीतरी ती पुटपुटली. मला त्या दिवसातला सर्वांत मोलाचा क्षण त्या दोन रेघांचा वाटतो. आपल्याला हे येत नाही असं म्हणणारी मुलगी नफा आणि रोकड यांतला फरक स्वतः शोधून बसली होती. आणि त्याहून महत्त्वाचं, तिला तो शोधताना मजा आली होती.

मग आम्ही त्या ईमेलकडे वळलो. मी तिला म्हटलं, प्रोग्राम चांगला की वाईट हे आज ठरवू नकोस, आधी तो कुणाचा आहे ते शोध. मोठ्या विद्यापीठांची आवारं आणि वसतिगृहं सुट्टीत बाहेरच्या संस्थांना भाड्याने मिळतात. तिथे भरणारा प्रत्येक वर्ग विद्यापीठाचा असतोच असं नाही. तिने घरी जाऊन विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधलं. हा प्रोग्राम तिथे कुठेच नव्हता. प्रमाणपत्रावर सही आयोजक संस्थेची होती. शिकवणारे कोण, हे विचारल्यावर 'अनुभवी मार्गदर्शक' एवढंच उत्तर आलं.

आणखी एक गोष्ट तिने स्वतः पकडली, आणि ती मी आता इतर मुलांनाही दाखवते. माहितीपत्रकात लिहिलं होतं की हा कोर्स दहा युरोपियन क्रेडिटचा आहे. युरोपातल्या विद्यापीठांत अभ्यास मोजायच्या या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, वर्ग आणि स्वतःचा अभ्यास धरून. म्हणजे दहा क्रेडिटना किमान अडीचशे तास. दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस. "मॅडम, चोवीस तास जागी राहिले तरी तीनशे छत्तीसच होतात," तिने फोनवर सांगितलं. "रोज अठरा तास अभ्यास करायचा का?" तो हिशेब मांडताना तिचा आवाज पहिल्या दिवसापेक्षा किती वेगळा होता, ते मला अजून आठवतं.

मुदत संपली. तिने फी भरली नाही. त्या संध्याकाळी ती रडली, हेही सांगायला हवं. दार बंद झाल्याची भावना खरी असते, ते दार आपल्या उपयोगाचं नव्हतं हे कळलं तरीही.

वडिलांशी मी वेगळं बोलले. त्यांच्या मनात होतं की असा कोर्स नसेल तर पुढे एमबीएला प्रवेश मिळणार नाही. तशी अट मी कुठेही पाहिलेली नाही. पूर्ण वेळेचं एमबीए बहुतेक ठिकाणी एक ते दोन वर्षांचं असतं, तीन आठवडे त्याची जागा घेत नाहीत. चांगली बिझनेस स्कूल कामाच्या अनुभवाला बरंच वजन देतात. ते ऐकून ते खुर्चीत जरा मागे टेकले. मी म्हटलं, "तुम्ही कर्ज काढायला तयार आहात हे तिला कळलंय. त्यामुळे तिला 'नको' म्हणताच येत नाहीये. एकदा तिला सांगा की नाही गेलीस तरी आम्हाला चालेल." ते म्हणाले, "हे कधी डोक्यातच आलं नाही हो." त्याच रात्री त्यांनी तिला तसं सांगितलं.

पुढच्या सुट्टीसाठी आम्ही घाई न करता तयारी केली. वर्षभरात तिने जमाखर्चाची एक प्राथमिक ऑनलाइन ओळख पूर्ण केली. मग विद्यापीठानेच चालवलेला, तीन आठवड्यांचा एक प्रोग्राम निवडला आणि आर्थिक मदतीसाठी वेगळा अर्ज केला. हा अर्ज बरीच मुलं करतच नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मदतीची मुदत अनेकदा प्रवेशाच्या मुदतीच्या आधीच संपते. फीचा मोठा भाग तिला माफ झाला. क्रेडिट आपल्या विद्यापीठात धरले जातील का, हे तिने जाण्याआधी लेखी विचारून घेतलं. उत्तर 'नाही' आलं. तरी ती गेली, पण माहीत असून गेली.

व्हिसाचं एक सांगून ठेवते, कारण मुलं इथे शेवटच्या क्षणी अडकतात. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेतला सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास पाहुण्यांच्या व्हिसावर करता येतो. अमेरिकेत मात्र आठवड्याला १८ तास किंवा अधिक शिकायचं असेल तर साधारणपणे विद्यार्थी व्हिसा लागतो, मग कोर्स तीन आठवड्यांचा का असेना. नियम बदलत असतात, म्हणून त्या देशाच्या अधिकृत पानावर वाचून घ्यावं, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

निवड करताना तिने आणखी एक केलं. आधी जाऊन आलेल्या दोघांशी बोलली. 'कसा होता?' असं विचारलं की 'मस्त!' असंच उत्तर येतं, म्हणून मी तिला वेगळा प्रश्न दिला होता: दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत? एकाने सांगितलं, सकाळी केसवर, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या पेचावर चर्चा, दुपारी स्प्रेडशीट, रात्री अकरापर्यंत गटाचं काम, आणि एक जोडीदार काहीच करत नव्हता म्हणून झालेलं भांडण. तिने मला विचारलं, "हे ऐकून मला भीती वाटायला हवी होती ना? मला तर जावंसं वाटलं."

हे सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं असं नाही. त्याच सुमारास माझ्याकडे येणारा इतिहासाचा एक मुलगा सहा आठवड्यांच्या प्रोग्रामला जाऊन आला आणि म्हणाला, हे माझं काम नाही. दिवसभर आकड्यांच्या चौकटीत बसणं त्याला सोसलं नाही. त्याच्या आईला पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटले. मला तसं वाटत नाही. पदवीनंतर दोन वर्षं घालून हेच कळलं असतं तर? सहा आठवड्यांत स्वतःविषयी इतकं स्पष्ट उत्तर मिळणं ही मी कमाई मानते, आणि त्याच्या आईलाही मी तसंच सांगितलं. त्या मुलाने पुढे पुराभिलेखांच्या कामाची वाट धरली.

म्हणून ज्यांना ही काळजी आहे त्यांना मी एवढंच विचारते: परत येताना तुला कोणत्या प्रश्नाचं उत्तर हातात हवंय? 'मला हे काम आवडेल का', 'कंपनीचा हिशेब मला वाचता येईल का', 'अनोळखी गटात मी बोलू शकते का', असे प्रश्न असतील तर तीन आठवडे पुरतात. 'माझ्या आयुष्याचं काय होणार' याला पुरत नाहीत. ती काळजी घेऊन माझ्याकडे या, आपण बोलू. फी भरून ती मिटत नाही.

तिच्या प्रोग्रामच्या नवव्या दिवशी रात्री मला तिचा मेसेज आला. गटाने एका कंपनीचं मूल्यांकन केलं होतं आणि प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर तिलाच उभं करून विचारलं होतं. तिने लिहिलं होतं: "उत्तर चुकलं, मॅडम. नफा धरला आणि ग्राहकांकडे अडकलेली उधारी वजा करायची राहिली. वह्यांचं दुकान आठवलं, पण बसल्यावर. रात्री जागून नवं गणित मांडलंय. उद्या पहिला हात माझा वर असेल."